अकरा नंबरचा जिना

सोमवार, ८ जानेवारी

मोठ्या बाईंनी आज आणखी एक घोंगडं माझ्या गळ्यात घातलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातली एक प्राथमिक शाळा आणि आमची चौथी मिळून एक उपक्रम करणार आहेत. चौथीची भाषा माझ्याकडे, म्हणून उपक्रमही माझ्याकडे.

तिकडच्या मास्तरांचं पत्र आलं आहे. यंत्राने भाषांतर केलेलं, त्यामुळे वाक्यं उलटीपालटी, पण मतलब कळतो. आमच्या मुलांनी 'माझं घर' या विषयावर दहा ओळी लिहायच्या आणि त्या आपापल्या घरी बसून, मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या. तिकडच्या मुलांना आपली भाषा ओ की ठो कळत नाही. त्यांनी नुसतं ऐकायचं आणि हा आवाज कसल्या जागेत बसला आहे त्याचं चित्र काढायचं. मग आपण त्यांच्या आवाजांची काढायची.

मी म्हटलं, "बाई, तीस वर्षं मी मुलांना समजून वाचा म्हणून घसा कोरडा करते आहे, आणि हे म्हणतात न समजता ऐका. याला भाषेचा तास म्हणायचं?"

त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत तपासणीला साहेब येणार आहेत. भिंतभर चित्रं लावली की झालं."

झालं तर झालं.

गुरुवार, ११ जानेवारी

नमुना म्हणून आधी शिक्षकांनी आपला आवाज पाठवायचा होता. काल शाळेतून आल्यावर दिवाणखान्यात बसून वाचलं. दहाच्या दहा वाक्यं एका दमात, एक अक्षर अडखळलं नाही. मी घरातला सोफा, पडदे, पुस्तकांचं कपाट, खिडकीतल्या कुंड्या, सगळ्याचं वर्णन केलं. ऐकून मलाच बरं वाटलं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी घर मी आहे तसं ठेवलं आहे, धुळीचा कण दिसणार नाही.

मुलांचे निबंध तपासले. सत्तावीस वह्या. अकरा नंबरच्या मुलीने नेहमीप्रमाणे भलतंच लिहिलंय. (वर्गात दोन मुलींचं नाव एकच आहे, म्हणून हजेरीच्या नंबराने हाक मारते. ही अकरा, दुसरी चोवीस.) तिची वाक्यं इथे उतरवून ठेवते:

'माझ्या घरात खूप माणसं ये-जा करतात. माझ्या घराला चोपन्न पायऱ्या आहेत. पहिल्या मजल्यावरच्या काकू मला पाणी देतात. संध्याकाळी दिवा आपोआप लागतो. माझ्या घरात चपलांवरून कळतं कोण आलं.'

कल्पनाशक्ती आहे पोरीला, पण विषयाला धरून लिहायला नको का? पायऱ्या इमारतीला असतात, घराला नसतात, असं लाल शाईने लिहिलं. दहापैकी चार.

शुक्रवार, १९ जानेवारी

शाळेकडे रेकॉर्डर तीनच. रोज तिघांनी घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी आणायचे. मी रोज कानाला लावून ऐकते आणि उच्चार तपासते. तेराने सगळं गाऊन म्हटलंय. वीसच्या मागे त्याचा धाकटा भाऊ भोकाड पसरून रडतोय, पण वाचन स्वच्छ, म्हणून चालवून घेतलं.

अकराचं मात्र नापास केलं. सगळा आवाज घुमतोय, शब्द एकमेकांवर आदळतायत. मध्येच खाडखाड चपला वाजतात, ही थांबते, मग पुन्हा वाचते. एका ठिकाणी चक्क कुणीतरी म्हणतं, "सरक गं बाळ, पाय पडेल." घरी इतकी वर्दळ असते का हिच्या? आई गेल्या वर्षी गेली बिचारीची, वडील बस चालवतात, घरी आत्या असते असं फॉर्मवर आहे. आत्याचा गोतावळा मोठा दिसतो.

"पुन्हा कर," म्हटलं, "आणि कुणी नसताना कर."

"बरं, बाई."

मंगळवार, २३ जानेवारी

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, वर कुठेतरी दार आपटल्याचा आवाज. आज माझा पारा चढला. वर्गासमोर उभी केली आणि म्हटलं, "एवढ्या मोठ्या घरात तुला एक शांत जागा सापडू नये? दार लावून घ्यावं, खाली मान घालून वाचावं. सगळ्यांना जमलं, तुलाच कसं जमत नाही?"

ती बुटांकडे बघत राहिली. उलट उत्तर देत नाही, रडतही नाही. अशा मुलांचा मला जास्त राग येतो, का ते कळत नाही.

मग म्हणाली, "शोधते, बाई."

सोमवार, २९ जानेवारी

शेवटी जमलं! अकराचं चौथं रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ. मागे बारीक घूं असा आवाज आहे, फ्रीजचा असेल, पण शब्द न् शब्द सुटा. वर्गात तिला शाबासकी दिली. म्हटलं, बघ, मनावर घेतलं की होतं. ती जरा हसली.

कॉम्प्युटरच्या मॅडमनी सगळं तिकडे पाठवून दिलं. सुटले एकदाची.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

तिकडून मोठं पार्सल आलं. प्रत्येक आवाजाची तीन-तीन चित्रं, मागे नंबर. वर्गात नुसता गोंधळ! सातच्या घरी शिवणयंत्र आहे, त्याची तिकडे आगगाडी झाली आणि ती थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून जाते. वीसचा रडका भाऊ सिंहाच्या रूपात आला आहे. मुलं हसून हसून बाकांवर लोळली. मीही हसले, खोटं कशाला लिहू.

माझी तीन चित्रं मात्र मुलांना दाखवली नाहीत. तिन्हींत सोफा नाही, पडदे नाहीत, कुंड्या नाहीत. एक मोठी रिकामी खोली, भिंतीवर खोलीएवढंच मोठं घड्याळ, आणि कोपऱ्यात एक बाई, बोटाएवढी. एकात तर बाईसुद्धा नाही, नुसती खुर्ची! ह्यांचं लंबकाचं घड्याळ आहे, दर रविवारी चावी देते, त्याची टिकटिक गेली असेल रेकॉर्डिंगमध्ये. पण म्हणून एवढंच? इतकं सुंदर वर्णन केलं त्याचं काही नाही? पर्समध्ये घालून घरी आणली आणि कपाटात टाकली.

अकराची चित्रं बारा आहेत. मॅडमनी टाकून द्यायची रेकॉर्डिंगसुद्धा पाठवली होती, लक्षात आलं नाही म्हणे. पहिल्या नऊ चित्रांत जिना आहे. नऊ वेगवेगळ्या हातांनी काढलेला. बंद दारं, आणि पायरीवर एक मुलगी. शेवटच्या तिन्हींत काळा चौकोन. एकात चौकोनभर मधमाश्या, आणि मधे ती मुलगी गुडघे जवळ घेऊन.

मास्तरांनी चिठ्ठी जोडली आहे: 'आमची मुलं तुमचे शब्द जाणत नाहीत, म्हणून बाकी सगळं ऐकतात. ती विचारतात, अकरा क्रमांकाचा आवाज दाराच्या बाहेर का बसतो? आणि चौथ्या वेळी तो कुठे गेला?'

वाचून आधी रागच आला. आमच्या मुलांना घरदार नाही असं वाटलं की काय यांना? नसता भोचकपणा. मोठ्या बाईंना मात्र जिन्याचीच चित्रं आवडली. "काय सुंदर आहेत हो! ही मधोमध लावा," म्हणाल्या.

पण जेवता जेवता उठले. वही काढून तिची वाक्यं पुन्हा वाचली. चोपन्न पायऱ्या. चपलांवरून कळतं कोण आलं.

मी त्याला चार गुण दिले.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत अकराला थांबवून घेतलं आणि चित्रं तिच्यापुढे मांडली. तिने एकेक हातात घेऊन नीट पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर आहेत, बाई. फक्त पायऱ्या कमी काढल्यात."

"तू जिन्यात बसून वाचलंस?"

"मी जिन्यातच असते. बाबा येईपर्यंत."

"आणि आत्या?"

"तिचं लग्न झालं ना."

"किल्ली नाही तुझ्याकडे?"

"होती. एकदा गॅस चालू राहिला माझ्याकडून. मग बाबांनी काढून घेतली. ते घाबरले होते खूप."

शाळा तीनला सुटते. बाबा येतात साडेसातला. बोटांवर मोजलं मी, तिच्यासमोरच. मग काळ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "आणि हे?"

"ती मीटरची खोली. जिन्याखाली. तुम्ही शांत जागा म्हणालात ना, बाई?" आणि मलाच धीर द्यायला म्हणाली, "तिची कडी बाहेरून पडते. म्हणून मी दारात चप्पल अडकवते. मग काही होत नाही. तिथे अभ्यास छान होतो, कुणी सरक म्हणत नाही. आता मी रोज तिथेच बसते."

पुढचा तास मी शिकवला म्हणे. काय शिकवलं आठवत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेले. जुनी, बिनलिफ्टची इमारत. मीटरची खोली म्हणजे खोली कसली, कपाट! मी दारात उभी राहिले तर तारांचा वास आणि तोच घूं घूं. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तिचा कंपास, पाण्याची बाटली, एक चपटी उशी. मी ज्याला फ्रीज समजून शाबासकी दिली तो हा आवाज. त्या दाराला लोखंडी कडी आहे. येताजाता कुणी चप्पल बाजूला सारून दार लोटलं असतं तर? आत मूल आहे हे कुणाला कळलं असतं?

मी तिला बाहेर काढलं आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. साडेसात वाजेपर्यंत. माझी कंबर चारदा मोडली. तिने मला चपला ओळखायला शिकवलं. "ही खरखर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, त्यांचा एक पाय ओढतो. ही टकटक नोकरीवाली ताई." सहाच्या सुमारास दिवा आपोआप लागला.

मग ती एकदम उठली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "बाबा," म्हणाली.

वडील खाकी गणवेशात, थकलेले. मला पाहून त्यांचं तोंड उतरलं. शाळेतल्या बाई दारात आल्या म्हणजे काहीतरी वाईटच, असं वाटलं असणार. मला आत बसवलं. घर स्वच्छ, भांडी जागच्या जागी, भिंतीवर बायकोचा फोटो. मी चित्रांचं सांगितलं, मग मीटरच्या खोलीचं. त्यांना माहीत नव्हतं. मुलीकडे बघत राहिले, मग खुर्चीत बसले.

"कुणी सांगितलं तुला तिथे बसायला?" त्यांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. बुटांकडे बघत राहिली.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "शांत जागा शोध म्हणून मी सांगितलं. वर्गासमोर."

मला वाटलं ते अंगावर येतील. आले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आणि ती चित्रं भिंतीवर लावणार तुम्ही. साहेब येणार म्हणे. म्हणजे सगळ्यांना कळणार की हिला मी बाहेर ठेवतो. उद्या कुणी कागद घेऊन येईल आणि मुलीला घेऊन जाईल. बाई, हिच्याशिवाय माझं कोण आहे सांगा."

मी म्हटलं, शाळा सुटल्यावर तिला माझ्याकडे राहू दे, येताना तुम्ही घेऊन जा. माझं घर तुमच्या वाटेवरच आहे.

"नको. आम्हाला कुणाचे उपकार नकोत. मी बघतो काय ते. किल्ली देतो मी तिला."

किल्लीचं नाव काढताच पोरगी म्हणाली, "नको बाबा, गॅस."

मी उठले. पायऱ्या उतरताना मोजल्या. चोपन्न.

शनिवार, १७ फेब्रुवारी

वडिलांनी किल्ली दिली आहे, ती गळ्यात दोऱ्याला बांधून येते. पण पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या (काल मुद्दाम गेले होते विचारायला) की पोर दार उघडून दप्तर आत ठेवते, पुन्हा कुलूप लावते आणि पायरीवर येऊन बसते. एकटी आत बसायला भिते. मीटरच्या खोलीला त्यांनी कुलूप घालून घेतलंय, तेवढं एक बरं झालं.

आज भिंत सजवली, प्रत्येक चित्राखाली नंबर चिकटवला. मोठ्या बाईंनी स्वतः उभं राहून जिन्याची चित्रं मधोमध लावून घेतली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मला वाटलं, चित्रं आहेत, नंबर आहे, नाव तर नाही. कुणाला काय कळतंय? असं मी मनाशी दहादा म्हटलं. पण नऊ बंद दारांपुढे ती बसलेली, आणि वर्गातल्या प्रत्येकाला अकरा म्हणजे कोण ते माहीत आहे.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहून ठेवते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी शिपाईमामांच्याही आधी शाळेत पोचले. अकराची बाराही चित्रं काढली आणि माझ्या पिशवीत घातली. भिंतीच्या मधोमध मोठं भगदाड पडलं. साहेब अकरा वाजता येणार, आणि मधोमध भगदाड! पर्समध्ये माझी चित्रं होती. परवा कपाटातून काढून पुन्हा पर्समध्ये का ठेवली होती, देव जाणे. ती तिथे टाचली. घड्याळ, घड्याळ, आणि खुर्ची.

मोठ्या बाई आल्या त्या भडकल्याच. "जिना कुठे गेला?"

"तो लावायचा नाही."

"कुणाला विचारून काढला?"

"ज्यांचा आहे त्यांना."

एवढ्यात साहेब आले म्हणून वाचले. ते भिंतीच्या कडेने हसत हसत फिरत आले आणि मधोमध येऊन थांबले. "आणि हे कुणाचं घर? बिचारं कोणीच नाही का इथे?"

मागे मुलं, मोठ्या बाई, कॉम्प्युटरच्या मॅडम, आठ-दहा पालक. माझा चेहरा नुसता तापला.

"माझं," मी म्हटलं.

साहेब घसा खाकरून पुढे गेले. बाकीचेही गेले. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं.

पालकांत अकराचे वडील होते, खाकी गणवेशातच. दोन फेऱ्यांच्या मधे पळत आले असणार. ते भिंतीवर आपल्या मुलीचा नंबर शोधत होते. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग मधोमध येऊन थांबले आणि माझी चित्रं बघत बसले, खुर्चीचं तर कितीतरी वेळ. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "तिची माझ्या पिशवीत आहेत. तुम्हाला देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आभार मानतील. ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे संध्याकाळी कोण असतं?"

"कोण असणार? मीच."

"उद्यापासून पाठवतो तिला," म्हणाले आणि टोपी घालून गेले.

पाच दिवसांपूर्वी मला उपकार नको म्हणाले होते, आणि आज आपणहून! काय मनात आलं कुणास ठाऊक. मोठ्या बाईंनी मात्र उद्या दहाला लेखी खुलासा घेऊन बोलावलं आहे.

सोमवार, ४ मार्च

खुलासा दिला, ताकीद मिळाली. जाऊ दे.

अकरा रोज येते. पहिले तीन दिवस दाराजवळच्या स्टुलावर बसायची, दप्तर मांडीवर घेऊन. चौथ्या दिवशी सोफ्यावर. आता स्वयंपाकघरात माझ्या पायात पायात असते आणि तोंडाला खंड नाही. माझ्या सोफ्यावर शाईचा डाग पाडला. मी ओरडले. ती घाबरली नाही, म्हणाली, "उशी ठेवते त्यावर, दिसणार नाही." ठेवली. खरंच दिसत नाही.

तिकडच्या मुलांची रेकॉर्डिंग आली आहेत. आम्ही दोघी टेबलाशी बसून ऐकतो. मला सवयीने शब्दच पकडायचे असतात आणि हाती काही लागत नाही. ती डोळे मिटून सांगते, "बाई, याच्याकडे लाकडी जमीन आहे. आणि हा उभा आहे, बसला नाहीये." मी म्हणते, कशावरून? म्हणते, "ऐका ना."

ऐकते आहे. या वयात शिकायचं म्हणजे वेळ लागणार.

मास्तरांना उत्तर लिहिलं. 'तुमच्या मुलांना सांगा, अकरा क्रमांकाचा आवाज आता आत आला आहे.' आणखी बरंच लिहिलं होतं, ते खोडलं.

शुक्रवार, २२ मार्च

दुसऱ्या फेरीची चित्रं आज आली. या वेळी अकराने माझ्या घरी वाचलं होतं, त्याच दिवाणखान्यात, मी जिथे बसून वाचलं त्याच जागी. मी मधे मधे बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण दोनदा उच्चार सुधारला. तिने दुसऱ्यांदा मलाच "श्शू" केलं, आणि मग आम्हाला दोघींना हसू आलं. ते तसंच पाठवून दिलं.

तीन चित्रं. एकात टेबल आहे आणि त्यावर माणसांपेक्षा मोठे दोन कप. दुसऱ्यात दोन तोंडं आहेत, एक छोटं, एक अवाढव्य. अवाढव्य तोंड माझं, हे सांगायला नको. वर्गाने ते बघून जो काही धिंगाणा घातला! तिसऱ्यात दोन खुर्च्या आहेत, आणि एक दार, उघडं.

संध्याकाळी तिचे वडील तिला न्यायला आले, त्यांना दाखवली. ते तोंडावर हात धरून खूप वेळ बघत राहिले. ती दोघं गेल्यावर मी चित्रं पुन्हा टेबलावर मांडली आणि कोपरान् कोपरा शोधला. तिन्हींत कुठेही घड्याळ नाही.

बंद पडलं की काय, म्हणून दिवाणखान्यात जाऊन पाहिलं. चालू आहे.